सहा नट

मशीन डिझाईनच्या पुस्तकात बोल्टवर एक अख्खं प्रकरण असतं. बोल्ट किती जाडीचा घ्यावा, तो किती बळाने कसावा, कुठे दोन पुरतील आणि कुठे सहा लागतील, याची पानंच्या पानं गणितं. परीक्षेला तर हमखास येणारा प्रश्न! पण मित्रांनो, एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीय का? त्या अख्ख्या प्रकरणात बोल्ट फक्त घट्ट होत असतो. सुटत कधीच नाही. पन्नास वर्षं आगीशेजारी बसून गंजलेला नट काढायचा झाला तर काय करायचं, हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही. ते मी मागच्या दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला शिकले. एकूण सहा नट होते. त्यांचीच ही गोष्ट.

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठी विभागासाठी लेख देणार म्हटल्यावर हॉस्टेलवर जो हशा पिकला, तो अजून थांबलेला नाही. माझ्यासाठी थ्रेड म्हणजे थ्रेड. त्याला मराठीत ‘आटे’ म्हणतात हे मला विसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत आटा म्हणजे चक्कीवरून दळून आणायचा तो! त्यामुळे या लेखात जे अस्सल मराठी शब्द सापडतील ते मिस्त्रीकाकांचे, आणि शुद्धलेखन आमच्या संपादकांचं.

तर गाडी माझ्या नानांची, म्हणजे आईच्या वडिलांची. ॲम्बॅसडर मार्क टू, १९६८ चं मॉडेल. नाना साताऱ्यात वकिली करायचे, तेव्हा त्यांनी ती एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. ॲम्बॅसडरबद्दल आपल्या पिढीला एवढंच माहीत असतं की मंत्र्यांची ती पांढरी गाडी. खरं तर ती जन्माने इंग्रज. इंग्लंडमधल्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री या गाडीवरून हिंदुस्थान मोटर्सने ती १९५७ पासून बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनवायला घेतली आणि मे २०१४ मध्ये तो कारखाना बंद पडेपर्यंत ती बनत राहिली. नानांच्या गाडीचं इंजिन १४८९ सीसीचं, ‘बी सीरीज’ घराण्यातलं. याच घराण्याचं १७९८ सीसीचं इंजिन एमजीबी नावाच्या इंग्लिश स्पोर्ट्स कारमध्ये होतं. हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांना काहीच नवल वाटलं नाही. “मला माहीतच होतं ती चांगल्या घरची आहे,” एवढंच म्हणाले.

दुखणं असं होतं की गाडी सकाळी चालू केली की बॉनेटखालून टिक्-टिक्-टिक् आवाज यायचा आणि इंजिन तापलं की तो जरा कमी व्हायचा. इंजिनच्या डाव्या अंगाला, जिथे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडला टेकतो, तिथे काजळीचे काळे पट्टे दिसत होते. (ज्यांनी अजून आयसी इंजिनचं लॅब सबमिशन केलं नसेल त्यांच्यासाठी: मॅनिफोल्ड म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा बिडाचा हात.) मधलं पॅकिंग जळलं होतं आणि धूर पाइपात जायच्या आधीच बाहेर पडत होता. आवाजाचं एक वेळ सोडून द्या. पण बॉनेटखालचा धूर फटींतून आत केबिनमध्ये येतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मामा म्हणाला, “या गाडीत मी नानांना बसू देणार नाही.” त्याचं चूक नव्हतं.

पॅकिंग बदलायचं म्हणजे काम तासाभराचं. फक्त त्याआधी मॅनिफोल्डचे सहा नट निघायला हवेत! गावातल्या एका गॅरेजवाल्याने नुसतं वाकून बघितलं आणि सांगितलं, “नट न्हाई निघायचे, स्टड तुटणार. तुटला की हेड उतरवा, मशीन शॉपला न्या. त्यापरीस भंगारात द्या.” रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण डिसेंबरअखेर होतं. तोपर्यंत गाडी धड झाली नाही तर भंगारवाल्याला फोन करायचा, असं मामाने ठरवून टाकलं. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, हे मी नेटवर शोधून काढलं. पण मग ती रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच काढायची. नाना म्हणाले, “मला ती शोकेसमध्ये ठेवायची नाही गं. औंधला न्यायची आहे.” औंधच्या यमाईला ते दरवर्षी याच गाडीने जायचे. आता नानांचं वय चौऱ्याऐंशी. ते यापेक्षा जास्त काही बोलले नाहीत. रोज सकाळी फडकं घेऊन काच पुसत राहिले.

म्हणून मी मिस्त्रीकाकांकडे गेले. काका एसटीच्या डेपोतून फिटर म्हणून रिटायर झालेले. आता हात थरथरतो म्हणून पाना धरत नाहीत. ते म्हणाले, “मी स्टुलावर बसनार. हात तुझे, कान माझे. चालतंय का?” न चालून सांगते कुणाला!

पहिल्या दिवशी मी टूलबॉक्स घेऊन तयारच होते. काकांनी त्यातला १३ नंबरचा पाना उचलला आणि परत डब्यात टाकला. ही गाडी इंचातली. नट अर्ध्या इंची पान्याचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ चा पाना त्यावर बसतो, पण ०.३ मिलिमीटर सैल. साध्या नटाला चालून जाईल, जाम नटाचे मात्र तो कोपरे खाऊन टाकतो. मग पकडायलाच काही उरत नाही. अर्ध्या इंचाचं सहा कोनी सॉकेट शेजारच्या गल्लीतून मागून आणलं. बारा कोनी नको, कारण ते कोपऱ्यांवर जोर देतं. सहा कोनी सपाट बाजूंना धरतं.

मग काकांनी मला तारेचा ब्रश दिला. अख्खी संध्याकाळ मी फक्त नटाबाहेर आलेले स्टडचे आटे घासले. का, तर नट सुटून ज्या वाटेने बाहेर येणार, ती वाट आधी साफ पाहिजे. घासता घासता एक मजेशीर गोष्ट दिसली. सहापैकी दोन नट पिवळे निघाले. पितळेचे! बाकीचे चार साधे लोखंडी, नंतर कधीतरी कुणीतरी बसवलेले. काकांना सांगितलं तर ते हसले. “ते दोन कंपनीचे. ते सुटतील. या चौघांशी गाठ हाय.”

नट जाम का होतो, हे मी त्या रात्री नीट लिहून काढलं. पहिलं कारण गंज. लोखंड गंजतं तेव्हा गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. आट्यांमधल्या इवल्याशा फटीत ही जागा आणायची कुठून? मग गंज पाचरीसारखा ठासून बसतो. दुसरं कारण तापणं आणि निवणं. मॅनिफोल्ड काही शे अंशांपर्यंत तापतो आणि दर वेळी गाडी बंद केली की थंड होतो. पन्नास वर्षांत हे किती हजार वेळा झालं असेल, विचार करा. दर वेळी धातू थोडा ताणला जातो, थोडा आकसतो, आणि आट्यांमधलं तेल-बिल कधीच जळून गेलेलं असतं.

पितळेचं गुपितही तेव्हाच कळलं. पितळ लोखंडासारखं गंजत नाही, त्यामुळे ते स्टडला चिकटून बसत नाही. शिवाय तापल्यावर पितळ जास्त फुगतं. पोलादाचा प्रसरणांक एका अंशाला साधारण दहा लाखांत १२, तर पितळेचा १९. म्हणजे नट आणि स्टड सारखेच तापले, तरी पितळी नट स्टडपेक्षा मोठा होतो आणि पकड आपोआप ढिली पडते. पितळ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे झिजायचंच झालं तर दहा-वीस रुपयांचा नट झिजेल, हेडमधला स्टड शाबूत राहील. हे ज्याने ठरवलं त्या इंग्लंडमधल्या ड्राफ्ट्समनला साताऱ्याचं नावही माहीत नसणार. पण कुणीतरी, कधीतरी हा नट उघडणार आहे, एवढं त्याला माहीत होतं.

पुढचे तीन दिवस आम्ही एकही नट फिरवला नाही. खरंच! रोज सकाळ-संध्याकाळ तेल सोडायचं आणि हातोडीने टकटक करायचं, बस्स. काका डेपोत रॉकेल आणि डिझेल वापरायचे. मी गिअरबॉक्सचं एटीएफ ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून आणलं. ॲसिटोनमुळे तेल पातळ होतं आणि बारीक फटीत शिरतं. ॲसिटोन आणि तेल एकत्र मिसळून राहत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून घ्यायची. आपण सगळ्यावर जे डब्ल्यूडी-४० मारतो, त्यातल्या ‘डब्ल्यूडी’चा अर्थ ‘पाणी हटवणारं’ असा आहे. ते मुळात ओल घालवायला बनवलेलं. हातोडीचे ठोके मोठे नव्हेत, छोटे आणि सरळ, नटाच्या सपाट बाजूंवर. त्या थरथरीने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत उतरतं.

तीन दिवस टकटक म्हणजे काय, ते माझ्या पेशन्सला विचारा! हॉस्टेलवरची रूममेट फोनवर म्हणाली, “अगं इम्पॅक्ट गन लाव, दोन सेकंदांत निघेल.” मला पटलंही असतं. पण त्याच रात्री सेकंड इयरच्या एसओएमच्या वहीतलं एक सूत्र आठवलं. पीळ सहन करायची दांड्याची ताकद त्याच्या व्यासाच्या घनावर अवलंबून असते. आमचे स्टड ५/१६ इंची, म्हणजे जेमतेम ८ मिलिमीटर, आट्यांच्या तळाशी आणखी कमी. गंजाने त्याचा व्यास २० टक्के खाल्ला असं धरू. ०.८ चा घन ०.५१२. म्हणजे दिसायला स्टड थोडासाच बारीक, पण ताकद थेट निम्मी! आता पाना २५ सेंटिमीटरचा आणि माझ्यासारखीचा जोर १५ किलोचा धरा. होतात सुमारे ३७ न्यूटन-मीटर. असा नट मुळात कसला जातो विसेक न्यूटन-मीटरने. गंजलेला स्टड तोडायला माझा एक हात पुरेसा होता. गन कशाला हवी?

व्हायवाला हे सूत्र मी घडाघडा म्हटलं होतं. पण त्याची भीती पहिल्यांदा त्या रात्री वाटली. सहापैकी एक जरी तुटला तरी मामा फोन उचलणार होता.

चौथ्या दिवशी काकांनी पाना हातात दिला. “आधी कसायचा.” मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण खरंच, आधी अगदी किंचित घट्ट बाजूला रेटायचा, मग सोडायच्या बाजूला. गंजाचा सांधा एकदा मोडला की झालं. सुटला तर एकदम फिरवत सुटायचं नाही. पाव फेरा पुढे, जरा मागे, तेल, परत पाव फेरा. मागे फिरवताना आट्यांतला गंजाचा चुरा बाजूला होतो, नाहीतर तोच पुढे दाटून परत जाम करतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऐकायचं. काकांचं ठरलेलं वाक्य होतं, “कुरकुरला तर सुटला, गप बसला तर तुटला.”

पितळेचे दोन्ही नट पहिल्या फटक्यात निघाले. ‘कुर्र’ असा बारीक आवाज आला आणि काका स्टुलावरून म्हणाले, “एक.” पाच मिनिटांनी, “दोन.”

लोखंडी चौघांपैकी एक तेलानेच सुटला. राहिले तीन. त्यांना आग दाखवायची ठरली. इथे मात्र मित्रांनो, जरा गंभीरपणे वाचा. ॲम्बॅसडरमध्ये इंजिनात पेट्रोलची हवा नेणारा मॅनिफोल्ड आणि धुराचा मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना खेटून असतात. म्हणून आम्ही कार्ब्युरेटर आधीच उतरवला होता. पेट्रोलचा पाइप काढून बुच मारलं, बॅटरी सोडवली, सांडलेलं तेल आणि ॲसिटोन पुसून रात्रभर उघड्यावर वाळू दिलं. शेजारी फायर एक्स्टिंग्विशर आणि वाळूची बादली. यातलं एकही झालेलं नसेल तर ज्योत पेटवायची नाही.

ज्योत स्टडवर नाही, नटावर धरायची. ८ मिलिमीटर भोकाचा लोखंडी नट ३०० अंशांनी तापवला तर भोक किती मोठं होतं? ८ गुणिले ३०० गुणिले १२ भागिले दहा लाख. उत्तर ०.०२९ मिलिमीटर. केसाच्या निम्म्या जाडीएवढंही नाही! पण नट झटकन तापतो आणि स्टडची उष्णता हेडचं मोठं धूड शोषून घेतं, त्यामुळे तेवढा फरक गंजाचा सांधा मोडायला पुरतो. नट तापल्यावर ज्योत बाजूला करून काकांनी त्यावर साधी मेणबत्ती टेकवायला सांगितली. मेण वितळलं आणि डोळ्यांदेखत आट्यांत ओढलं गेलं. केशाकर्षण! नववीत आम्ही त्याला कॅपिलरी ॲक्शन म्हणायचो, काचेच्या नळीत बघायचो. इथे ते कामाला आलं. चौथा कुरकुरला. पाचवाही.

सहावा अगदी मागे, फायरवॉलच्या कुशीत. त्याला धड ना पाना बसत होता ना ज्योत पोचत होती. एक्स्टेन्शन लावून मी हळूच बळ दिलं. पाना फिरला. पण आवाज आला नाही. हाताला काहीतरी वेगळंच लागलं, घट्ट चिक्कीऐवजी मऊ टॉफी वाकवावी तसं. नट फिरत नव्हता, स्टड पिळत होता. मी थांबले. काका काहीच बोलले नव्हते, ते त्याआधीच उठून उभे राहिले होते. “सोड पाना,” एवढंच म्हणाले.

मग आम्ही नट काढायचा नाद सोडला आणि तो फोडला. बारीक धारेची छिन्नी नटाच्या एका सपाट बाजूवर धरून, आट्यांना न लागेल एवढ्या बेताने, एका रेषेत ठोके. पाऊण तास लागला. शेवटी नट चिरला, उमलला आणि स्टडवरून सैल झाला. स्टडला थोडा पीळ बसला होता, पण तो जागेवर शाबूत होता. पुढचं सोपं होतं. स्टडवर दोन नट एकमेकांवर घट्ट बसवायचे आणि आतल्या नटाला पाना लावून अख्खा स्टडच हेडमधून फिरवून काढायचा. तो निघाला तेव्हा इतक्या मोठ्याने कुरकुरला की घरातून नाना बाहेर आले.

“सहा,” काका म्हणाले.

मॅनिफोल्डची बैठक सपाट आहे ना, हे पट्टी लावून पाहिलं. नवीन पॅकिंग, सहा नवीन स्टड. नट घ्यायला मी स्वतः दुकानात गेले. दुकानदाराने लोखंडी नटांची पुडी पुढे केली. “स्वस्त पडतील,” म्हणाला. मी पितळेचे मागितले. सहा नटांमागे फरक किती, तर हॉस्टेलच्या कॅन्टीनमधल्या दोन वडापावांएवढा! आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट लावली, मधून बाहेरच्या बाजूला असं क्रमाने कसलं, आणि गाडी एकदा तापून निवल्यावर परत एकदा तपासलं. टिक्-टिक् बंद. डिसेंबरमध्ये नूतनीकरण झालं. नाना मामाच्या शेजारी बसून औंधला जाऊन आले. माझी तेव्हा एंड-सेम चालू होती, मला फक्त व्हॉट्सॲपवर फोटो आला. फोटोत नाना यमाईच्या देवळाकडे न बघता बॉनेटकडे बघताहेत.

त्या चार लोखंडी नटांचा मात्र मी अजून विचार करते. कुणीतरी कधीतरी पॅकिंग बदललं असेल, हाताला लागले ते नट बसवले असतील. त्या दिवशी गाडी झकास चालली असणार. गिऱ्हाईक खूश, काम बरोबर, आपल्या पुस्तकाप्रमाणे पैकीच्या पैकी मार्क. बिल मात्र कित्येक वर्षांनी आलं, आणि ते भरायची वेळ एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसावर आली असती.

आता थर्ड इयरच्या प्रोजेक्टमध्ये आमच्या ग्रुपने एक फिक्श्चर डिझाईन केलंय. त्यात चार बोल्ट आहेत. सेफ्टी फॅक्टर काढलाय, टॉर्क काढलाय, सगळं नियमाप्रमाणे. पण ड्रॉइंगवर मी आणखी एक गोष्ट लिहायला लावली. प्रत्येक बोल्टभोवती पाना फिरायला किती जागा सोडली आहे ते, आणि नट कशाचा आहे ते. सरांनी विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, “सर, हे जोडणाऱ्यासाठी नाही. उघडणाऱ्यासाठी आहे.”